रिकामी ताटली

हॅरोज पॉइंटला थंडीच्या तोंडावर समुद्रावरून धुकं येतं आणि गावातच मुक्काम ठोकतं. त्या वर्षी तर ते हलायलाच तयार नव्हतं. साथ टास्मानियाच्या आमच्या या कोपऱ्यापर्यंत पोचली होती. शाळा बंद, हॉल बंद, बंदरातल्या होड्या नुसत्या जागच्या जागी डुलत असलेल्या.

दानित्सा कोबाल आपल्या चहाच्या दुकानात एकटीच बसून असे. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, भट्टी गार. भिंतींत मुरलेला अक्रोडाचा वास मात्र जात नव्हता. डोळा जरा मिटला की तिला फ्रांत्स दिसे, तिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तो अक्रोड फोडी आणि फोडता फोडता निम्मे स्वतःच खाई. मेल्यावरही त्याची ही खोड गेली नव्हती. ती त्याला स्वप्नातच रागावे आणि जाग आली की टेबलावर टरफलं पडलीत का ते बघे.

गिऱ्हाइकांना आत बसवायचं नाही, बाहेरच्या बाहेर द्यायचं, असा हुकूम निघाला होता. दानित्साच्या दुकानाला दार एकच, तेही इतकं अरुंद की येणारा आणि जाणारा एकमेकांच्या छातीवर आदळणार. तेव्हा दुकान बंद. आणखी थोडे दिवस बंद राहिलं तर ते कायमचंच मिटवून हॉबर्टला मुलाकडे जायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. मुलाने खोलीला रंगही देऊन ठेवला होता. चांगली खोली होती. तिथून समुद्र दिसत नव्हता.

अशात एका सकाळी ग्लेनिस पर्टन धुक्यातून उगवली आणि काचेवर टकटक करून चार पावलं मागे सरली. ग्लेनिस आमची नगरसेविका. तोंडाची फटकळ, मनाची बरी.

"डॅनी, दार उघड गं. आत येत नाही, घाबरू नकोस." दानित्सा हे नाव गावाच्या जिभेवर कधी बसलंच नाही, म्हणून ती सगळ्यांची डॅनी. "कौन्सिलने छोट्या दुकानांसाठी पैसे काढलेत. परत करायचे नाहीत. रस्त्याकडची भिंत फोड, खिडकी बसव आणि तिथून चहा दे."

"मला नको."

"का? अंगणात सोनं सापडलं?"

"ग्लेनिस, मी कुणापुढे रिकामी ताटली घेऊन उभी राहत नाही. एकदा राहिले, तेवढं पुरे."

ग्लेनिसने मान वळवून बंदराकडे पाहिलं.

ती गोष्ट दोघींनाही ठाऊक होती. दानित्सा स्लोवेनियाहून नवी नवरी म्हणून आली, तेव्हा फ्रांत्स डोंगरात धरणाच्या कामावर होता आणि तिला इथली भाषा जेमतेम येत होती. हॉलमध्ये जेवण होतं. ग्लेनिसनेच आमंत्रण दिलं, "येताना ताटली आण." आमच्याकडे ताटली आण म्हणजे काहीतरी खायचं करून आण, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दानित्साला वाटलं, बिचाऱ्यांकडे भांडी कमी असतील. आईने लग्नात दिलेल्या निळ्या काठाच्या ताटल्या तिने घासूनपुसून आणल्या. सगळ्यांच्या हातात केक, पाव, भाजलेलं मांस, आणि हिच्या हातात कोऱ्या ताटल्या. कुणीतरी खळखळून हसलं. ती ग्लेनिस होती. दानित्सा तशीच परत फिरली. घाईत एक ताटली तिथेच राहिली, पण आणायला ती कधी गेली नाही. त्यानंतर हॉलमध्ये तिने पाऊल टाकलं नाही. फ्रांत्स गेला तेव्हा लोकांनी दाराशी जेवणाची भांडी ठेवली, तर तिने रडत रडत भट्टी पेटवली आणि एकूणएक भांडं भरून परत केलं.

"बरं," ग्लेनिस म्हणाली. "तू जाशील हॉबर्टला. आम्ही कुठे जायचं तेवढं सांगून जा."

तिने हे रागाने म्हटलं आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली. दानित्साने दार लावलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा मर्व्ह आला. रोज सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर चहा पिणारा हा जुना कोळी. दुकान बंद आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. तरी तो बंद दाराशी उभा राहिला, टोपी काढली, थोडा वेळ आतल्या अंधारात बघत राहिला आणि टोपी घालून निघून गेला. दानित्सा आतच होती. तिला फार वाईट वाटलं. त्याच दुपारी तिने ग्लेनिसला फोन केला.

"खिडकी मोठी हवी मला. पैसे घेते म्हणून कमी मापाची चालवून घेणार नाही."

"घे बाई, दरवाजाएवढी घे."

भिंत फुटली. खिडकी बसली. पहिल्यांदाच समुद्राचा वारा थेट भट्टीपर्यंत आला. दानित्साने कणीक पातळ लाटली, अक्रोड आणि मध पसरला, गुंडाळून पोतित्सा, तिच्या माहेरची गोड पावाची गुंडाळी, भाजायला टाकली. पण त्यासाठी मागवलेले कागदी डबे काही आले नाहीत, बोट पलीकडेच अडकली होती. मग तिने दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं : उद्या सकाळी उघडतोय. येताना ताटली आणा.

सकाळी तिने झडप वर केली. धुक्यात माणसं उभी होती, एकमेकांपासून लांब लांब. प्रत्येकाच्या हातात ताटली, प्रत्येक ताटलीवर फडकं. मर्व्ह पुढे आला आणि त्याने फडकं काढलं. अंड्याची सँडविचेस, कडा वाकड्या कापलेल्या.

"हे काय रे?"

"तूच लिहिलंस ना, ताटली आणा. मी एकट्याने केलीत, नावं ठेवू नकोस."

मागे केक, खोबऱ्यात घोळवलेल्या वड्या, भोपळ्याचे पाव. साऱ्या गावाने फळा वाचला होता आणि साऱ्या गावाला आपल्या सवयीने तोच अर्थ लागला होता.

"अरे, रिकामी," दानित्सा म्हणाली, "रिकामी आणायची होती." आणि तिला हसू आलं. इतक्या वर्षांचं साठलेलं हसू, कठडा धरून उभं राहावं लागलं तिला. रांगेतली माणसं आधी गोंधळली, मग तीही हसू लागली.

रांगेच्या शेवटी ग्लेनिस होती. ती हसत नव्हती. तिच्या हातात एकच ताटली होती, निळ्या काठाची. तिच्यावर काहीच नव्हतं.

"ही माझी," दानित्सा हळूच म्हणाली.

"तुझीच. तू पळालीस आणि ही राहिली. हॉलमध्ये ताटल्या खरंच कमी होत्या गं. इतकी वर्षं आम्ही हिच्यावरच खाल्लं."

ग्लेनिसने ताटली दोन्ही हातांनी खिडकीत पुढे धरली. दानित्साने सुरी उचलली आणि पोतित्साचा पहिला, सगळ्यात जाड काप तिच्यावर ठेवला.