शंभरातला एक

परत आलेल्या पांढऱ्या कोटांचा ढीग मालकाने कापायच्या टेबलावर आपटला. "इंचमावशी, बावीस वर्षं कात्री धरलीत ना? मग इस्पितळातल्या नर्सबायांना बटणं का लागत नाहीत?"

नुसत्या नजरेने माप सांगते म्हणून तिला हे नाव पडलेलं. ढिगात तिच्या सुनेचाही कोट होता. मावशीने टेप लावली. छातीचा घेर चाळीस हवा, भरला सदतीस इंच पाच सूत, म्हणजे जवळजवळ अडीच इंच कमी.

तिचं पुठ्ठ्यावरचं मूळ कटिंग मालकाच्या मेहुण्याने सहा वर्षांपूर्वी साफसफाईत फेकलं होतं; उरली फक्त त्याची कागदावरची नक्कल. तेव्हापासून दरवर्षी गेल्या वर्षीच्या कागदाची झेरॉक्स काढायची, जुना कागद टाकायचा आणि नव्यावरून कापायचं. यंत्र दर खेपेला शंभरातला एक भाग खायचं. पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "तीन सूत कमी आलंय हो."

"तीन सुतांसाठी काय रडता?" मेहुणा हसला होता. "शिवणीत खपेल."

मग तीही गप्प बसली. दरवर्षी नवा कागद जुन्यावर ठेवून बघायची. फरक तीनच सुतांचा. टेप लावून चाळीस भरतात का, हे नजरेच्या घमेंडीत तिने एकदाही पाहिलं नाही.

"सहा वेळा एकेक कमी झालं ना? यंत्र एकशे एक टक्क्यांवर ठेवून सहा वेळा काढू, संपलं," आज हे सगळं ऐकून मेहुणा म्हणाला.

"अहो, तुम्ही एक वाढवाल, यंत्र पुन्हा एक खाईल. जिथल्या तिथेच राहील."

"आता मावशी आम्हाला गणित शिकवणार!"

सहा झेरॉक्स निघाल्या. सहावीवर मावशीने टेप धरली. सदतीस, पाच सूत. मेहुण्याने कान खाजवला. "म्हणजे मुळातच यांनी चुकीचं काढलं असणार."

"आजच नवं काढून देते, चाळीसचं. देवाशपथ, सूतभर हलणार नाही."

"नको. कटिंग बाहेरून मागवतो," मालक तिच्याकडे न बघताच म्हणाला. "तुम्ही उद्यापासून काजं-बटणं बघा."

कात्री टेबलावर ठेवून ती घरी आली. सून अर्ध्या पानावरून उठत होती. गेली पाच-सहा वर्षं तिचं हे असंच. नवा कोट आला की मावशीच टोमणा मारायची, "पुन्हा घट्ट? जरा तोंड आवर गं बाई."

आज तिने सुनेला हात धरून थांबवलं आणि टेप लावली. लग्नात ब्लाउज शिवताना घेतलेलं माप तिला तोंडपाठ होतं. आज त्याहून दीड इंच कमीच भरलं.

"तू जाडावली नव्हतीस गं. कोट आटत होते."

सून टेपकडे बघत राहिली. "पण आई, तुम्हीच म्हणायचात ना, माझी नजर चुकत नाही म्हणून?"

मावशीने देवासमोर जाऊन हात जोडले, पण काही मागायला तोंड नव्हतं.