तुळसाक्का स्टाफ नव्हती

तुळसाक्का गेल्याची बातमी कारखान्याच्या फोनवर आली, आणि तो फोन उचलणं हे माझंच काम. पलीकडून तिचा मुलगा म्हणाला, "अक्का पहाटे गेली. हजेरीवाल्यांना सांगा." जन्मात कधी न सांगता खाडा केला नाही त्या बाईनं, मेल्यावरही तिचा निरोप आधी हजेरीला! मी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हटलं, फोन ठेवला आणि टाइपरायटरवर डोकं टेकून रडले. त्याला आता पाच आठवडे झाले. रडणं संपलंय, राग मात्र तसाच आहे, आणि मी रागातच लिहिणार आहे.

बंगळुरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना पंपाच्या मोटारी बनवतो. त्यांच्यासाठी तांब्याच्या तारेची कॉइल भरायला बावीस बायका, आणि त्यांच्यात सगळ्यात जुनी तुळसाक्का. तिचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या मराठीत निम्मं कन्नड. मी निपाणीहून टायपिस्ट म्हणून आले तेव्हा माझं बोलणं ऐकून ती हसायची, आणि तिचं ऐकून मी. यंत्रावरचा आकडा ती कधी बघायची नाही. तारेचे वेढे तोंडानं मोजायची, बोलता बोलता मोजायची, आणि एक वेढा कमी-जास्त होईल तर शपथ!

आमच्याकडे माणसांना नावं तरी किती! हजेरीच्या कागदावर 'वर्कर', ठेकेदाराच्या तोंडी 'लेबर'. पाहुणे आले की तीच माणसं 'एम्प्लॉयी' व्हायची, हेड ऑफिसच्या पत्रात 'मॅनपॉवर', आणि युनियननं फाटकावर घोषणा दिल्या की 'ते लोक'. हे सगळं टाइप मीच करायचे. मी स्वतः 'स्टाफ'. म्हणजे वेगळं फाटक, जेवायला टेबल-खुर्ची, चहा कपबशीतून. त्याची मला ऐट होती, खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं. इंग्रजीत, बावीस प्रती. आजपासून कॉइलच्या बायका 'स्टाफ', सही करून द्यावी. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, दुसऱ्यात पांढरा कोट आणि कपबशी. तिसऱ्यात असं, की स्टाफला युनियनमध्ये राहता येणार नाही आणि महिन्याभराच्या सूचनेवर कामावरून कमी करता येईल. "तिसऱ्याचं या खोलीबाहेर बोलायचं नाही," साहेब म्हणाले. स्टाफ होणार एवढंच कळल्यानं बायकांना आनंद झाला. लक्ष्मी तर पांढऱ्या कोटाखाली कोणती साडी शोभेल ते विचारत फिरत होती.

संध्याकाळी तुळसाक्का पत्र घेऊन माझ्यापुढे उभी. "मला इंग्रजी येत नाही, तुला येतं. वाच."

मी मराठीत सांगत गेले. अभिनंदन सांगितलं, कोट सांगितला, कपबशी सांगितली आणि कागद घडी करून तिच्या हातात दिला.

तिनं तो पुन्हा उलगडला. "पोरी, मी दिवसभर वेढे मोजते. इथं तीन ढीग आहेत, तू दोनच वाचलेस."

कानशिलात बसल्यासारखं झालं. मी तिसरा वाचला. ती चिडली नाही, ओरडली नाही. "हे इंग्रजीत जसंच्या तसं माझ्याकडून पाठ करून घे," एवढंच म्हणाली.

तीन संध्याकाळी मी बंगळुरातल्याच शिवाजीनगरला तिच्या घरी गेले. ती भाकऱ्या थापत होती, मी शब्द सांगत होते. अर्थ एकदाच विचारला तिनं, मग नुसते शब्द, एकामागून एक, तारेच्या वेढ्यांसारखे. 'टर्मिनेट'चं तिच्या तोंडी 'टर्मिनेटु' व्हायचं. मी सुधारायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं, साहेबाला कळलं म्हणजे झालं."

सह्यांच्या दिवशी सगळ्या बायका ऑफिसात जमल्या. तुळसाक्का पुढे झाली आणि तिनं तिसरा परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला, शेवटच्या शब्दापर्यंत. मग कन्नडमध्ये बायकांना त्याचा अर्थ सांगितला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

"मीच वाचलं."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"तुम्ही पत्र इंग्रजीत दिलंत. येत असेल असं समजूनच दिलंत ना?"

मी त्याच खोलीत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घालून टाइप करत राहिले...

एकोणीस जणींनी पत्र परत केलं. तिघींनी सही केली, त्या तिघी वर्षाच्या आत घरी बसल्या. तुळसाक्काला खिडकीजवळून उचलून व्हार्निश लावलेल्या कॉइल वाळवायच्या धुरकट भट्टीशेजारी बसवलं. ती खोकायची आणि मोजायची. एकदा मला राहवलं नाही, म्हटलं, मी साहेबांना खरं सांगून टाकते. तशी खेकसली, "गप बस! मला काढायला त्यांना घाम फुटेल. तुला काढायला एक कागद पुरे, आणि तोही तूच टाइप करशील." मी गप्प बसले. चार वर्षं.

ती गेल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. साहेब पाच मिनिटं आले. म्हणाले, तुळसाबाई म्हणजे आमच्या स्टाफच्या कुटुंबातलं एक मोठं माणूस. त्यावर बायकांनी माना डोलावल्या! माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले. सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्ये बोलले. म्हटलं, ती स्टाफ नव्हती. तिला स्टाफ करायला निघाला होतात, ती झाली नाही. ती कामगार होती. आणि तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, ते पत्र तिला मी वाचून दाखवलं. साहेब घड्याळ बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन स्टाफच्या खोलीकडे गेलेच नाही. हॉलमध्ये बायका खाली बसतात, तिकडे गेले. भिंतीला टेकून तुळसाक्का बसायची, ती जागा तेवढी रिकामी होती. नऊ वर्षं मला 'मॅडम' म्हणणारी लक्ष्मी जरा सरकली आणि म्हणाली, "बा अक्का, ये, इथं बस."

तेव्हापासून रोज तिथेच बसते. मला कमी केल्याचं पत्र अजून आलेलं नाही. येईल. येऊ दे! आलं की डबा उघडायच्या आधी, त्याच जागेवर बसून, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन.