तिच्या वतीने

रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा होता. फादरांनी विचारलं, "सैतानाचा त्याग करता का?" बाळ गाढ झोपलेलं. त्याची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात त्याची जबाबदारी घेणारी विशीतली मुलगी, त्याला छातीशी धरून त्याच्या वतीने हलकेच म्हणाली, "करते." मग डोक्यावर पाणी पडलं आणि बाळ रडलं. आपला दुसरा जन्म झाला, हे त्याला पुढे कुणीतरी सांगेल.

मला ते रोझीमावशीने सांगितलं. ती माझी धर्ममाता. "पाणी पडलं तरी तू रडली नाहीस गो, नुसती बघत राहिलीस," असं ती दर वाढदिवसाला म्हणायची. काय बघत होते मी? जन्मासोबत आलेलं मूळपाप धुतलं गेलं त्या क्षणी जग कसं दिसलं असेल? त्या एका आठवणीसाठी मी बाकीच्या कितीतरी देऊन टाकीन.

शेवटच्या आजारात मावशीची वाचा गेली. फादर तिच्या कपाळाला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावायला आले, प्रार्थना म्हणू लागले, तेव्हा तिचे ओठ नुसतेच हलले. उशाशी बसून तिच्या वतीने "आमेन" मी म्हटलं. ती एकटक माझ्याकडे बघत राहिली.

चर्चमधलं बाळ आता शांत झालं होतं. ओलं जावळ कपाळाला चिकटलेलं, आणि ते त्या मुलीच्या चेहऱ्याकडे अगदी मावशीसारखंच एकटक बघत होतं. माझ्या बाप्तिस्म्याला मी काय बघत होते, ते मला आत्ता कळलं. जिला ते सांगायचं, ती मावशी मात्र आता नाही.