पाठमोऱ्या माणसाला केलेली खूण

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला मिळावं म्हणून वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात रोज बुद्धवंदना व्हायची, पण कुणी भुताखेताचं नाव काढलं की बाबा हातातला पेपर खाली ठेवून उलटतपासणी सुरू करायचे. "दिसलं म्हणजे कुठून दिसलं? उजेड किती होता? तू कुठे उभा होतास?" आकुर्डीच्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी गेली, आणि कारण सापडल्याशिवाय मशीन पुन्हा चालू करायची नाही हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मीही तसाच. म्हणून बाबांना सांगितलं असतं तसंच सांगतो – जागा, उजेड, कोण कुठे उभं होतं ते सगळं.

मी चाकणला एका प्रेसशॉपमध्ये सुपरवायझर आहे. पत्रा ठोकून पार्ट काढणाऱ्या मोठमोठ्या मशीन, दिवसभर धाड धाड. तिथे बोलून काही कळत नाही, त्यामुळे सगळा कारभार खुणांचा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर आडवी धरली की 'मशीन बंद कर'. समोरच्याने अंगठा दाखवला की निरोप पोचला. अंगठा दिसेपर्यंत खूण करणाऱ्याने जागा सोडायची नाही, हा पहिला नियम, आणि नव्या पोरांना तो मीच शिकवतो. वर दमही देतो.

दत्ता त्याच शॉपमधला ऑपरेटर. चऱ्होलीचा, जुन्या गावकऱ्यांपैकी. त्यांच्या शेतावर आता बारा मजली इमारती उभ्या आहेत, तरी हा गडी प्रेसवर येतो. डायचा, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, आवाज जरा बदलला तरी त्याला कळायचा, आणि तो ऐकू यावा म्हणून तो डाव्या कानातला प्लग काढून काम करायचा. मी कितीदा बोललो असेन! शेवटी डावा कान पार गेला आणि उजवा निम्मा. आमच्यातला तिसरा गणेश, क्वालिटीतला, लातूरकडचा, दिघीला भाड्याने राहतो. पार्ट असो की माणूस, चूक काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघं डोंगरावर गेलो. राजगुरुनगरवरून वाडा, तिथून भोरगिरीच्या बाजूला. नेमक्या वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. पहाटे दत्ताला घ्यायला गेलो तेव्हा त्याची आई दारात आली.

"सिद्धू, त्याला हाळी ऐकू जायची न्हाई," ती म्हणाली. "तू त्याच्या नजरंत ऱ्हा बाबा. येवढं कर."

"हो मावशी, काळजीच करू नका," मी म्हणालो. म्हणायला काय जातंय.

वाडीत गाडी लावली. एक आजोबा शेकत बसले होते, त्यांना वाट विचारली. ते म्हणाले, "धारंनं सरळ जावा. म्होरं उंबर लागंल, तितनं उजव्या अंगाला उतरा. सरळ जाऊ नगा, औंदाच्या पावसात धार तुटलीया." हे मी ऐकलं. गणेश गाडीतून बॅगा काढत होता. दत्ता शेजारीच उभा होता, पण त्याला ऐकू गेलं नाही, आणि वर गेल्यावर सांगू म्हणून मी सोडून दिलं. पहिली चूक माझी.

साडेसातच्या सुमारास आम्ही धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, पोचलो. डावीकडे कोकण, उजवीकडे रान, मधे दोन हात रुंद वाट. वर भुसभुशीत मुरूम. थंडी म्हणजे नाक जागेवर आहे का हे चाचपून बघावं लागत होतं. सूर्य अजून ढगाआड होता, पण उजेड स्वच्छ. पुढे मी, मधे दत्ता, मागे गणेश. दत्ता नारिंगी सॅक लावून, माकडटोपी घालून, स्वारी एकदम खुशीत.

उंबर दिसायला लागला तेवढ्यात मागून गणेश ओरडला, "सिद्ध्या, पोटरीत गोळा आलाय रे! थांब की, का पळायलास?"

मी मागे वळलो. दत्ता एका दगडाला टेकून पाणी पीत होता. त्याच्या बाजूने जाताना मी पंजा दाखवला – थांब. तो बाटलीचं झाकण लावत होता. त्याने अंगठा दाखवला का ते बघायला मी थांबलो नाही. शॉपमध्ये या चुकीसाठी मी पोरांना शिव्या घातल्या आहेत.

गणेशची पोटरी चोळण्यात दोन-तीन मिनिटं गेली असतील. मान वर केली तर दगडापाशी दत्ता नाही! नारिंगी सॅक उंबराच्याही पुढे, साठ-सत्तर पावलांवर, निवांत चालली होती. सरळ. आणि त्याच वेळी डावीकडच्या दरीतून धुकं वर आलं. दूध उतू जावं तसं धारेवरून पलीकडे सांडायला लागलं.

"दत्ताss! दत्ताss!" मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. गणेशने शिट्ट्या मारल्या. सॅक चालतच होती. धावावं तर मुरमावरून पाय सटकत होते, दहा पावलांतच मी गुडघ्यावर आपटलो. उठलो तेव्हा सॅक पुसट झाली होती. त्याची आई डोळ्यांसमोर आली. काय सुचणार? हातांना सवयीचं होतं तेच झालं. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटं आडवी धरली. मशीन बंद कर.

"आरं, तो पाठमोरा हाय!" गणेश मागून ओरडला. "कुणाला दाखवायलास?"

सॅक दिसेनाशी झाली.

त्यानंतर आम्ही जवळजवळ रांगतच पुढे गेलो. दत्ता वाटेवर फतकल मारून बसला होता. त्याच्या पुढे दीड हात जमीन, आणि मग काही नाही. तुटलेल्या धारेचा पलीकडचा भाग खूप लांब होता, मधे नुसतं धुकं वर येत होतं. मी त्याची सॅक धरून त्याला मागे ओढलं. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

दत्ता मात्र माझ्याकडे बघून चक्रावला. "तू मागनं कसा आलास?" तो म्हणाला. "आत्ता तर म्होरं व्हतास." त्याने हात करून दाखवलं तिथे जमीन नव्हती.

"मी तुझ्या मागेच होतो," मी त्याला समोरून, ओठ दाखवत सांगितलं.

"न्हाई राव. तितं उभा व्हतास, मशीन बंदची खूण करून. म्हनून तर मी थांबलो. मग धुक्यात दिसंना, तवा म्हनलं बसावं गप." आणि वर अंगठा दाखवून हसला.

नंतर एका ट्रेकवाल्या मित्राने इंद्रवज्राचं सांगितलं. म्हणजे सूर्य पाठीशी असला की समोरच्या धुक्यावर आपलीच मोठी सावली पडते. मला हायसं वाटलं, पण बाबांचा मुलगा आहे, प्रश्न पडलेच. सूर्य ढगाआड होता. आणि त्यात ज्याची सावली त्यालाच दिसते. दत्ताने हात वर केलेच नव्हते, मग त्याच्या सावलीने ते कसे केले? गणेशचं म्हणणं सरळ आहे – दत्ताला कडा दिसला, तो घाबरला, बाकीचं डोक्याने रचलं. तो असंही म्हणतो की मी खूण करून पुतळ्यासारखा उभा होतो, त्याने दोनदा हाक मारली तरी मी ओ दिली नाही. भीतीने होतं तसं, म्हणाला. असेल.

दत्ताच्या आईने मला घरी बोलावून पुरणपोळी वाढली. "माझ्या लेकाच्या म्होरं उभा ऱ्हायलास," असं म्हणून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी मान खाली घालून जेवलो.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

खूण केली तेव्हा मला दत्ताची पाठ दिसायला हवी होती. मला आठवतो तो त्याचा चेहरा. अगदी जवळून. माकडटोपी वर सरकलेली, मिशीवर दव, डाव्या भुवईवर करवंदीच्या काट्याचा ताजा ओरखडा. तो माझ्याकडे चालत आला, थांबला आणि काहीतरी बोलला. शॉपमध्ये आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो, त्यामुळे मला ते कळलं. तो विचारत होता, "गणेश कुठंय?"

भीतीने डोकं काहीही दाखवतं, असं मी स्वतःला महिनाभर समजावलं. मग एक दिवस कँटीनमध्ये जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "दत्ता, मी तुला समोर दिसलो तेव्हा तू मला काही बोललास का रे?"

"व्हय," तो घास चावत म्हणाला. "गनेश कुठंय म्हनून इचारलं. तू बोललाच न्हाईस."

मी डबा बंद केला आणि हात धुवायला गेलो.

बाबांच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. उजेड किती होता ते सांगता येतं, दत्ता किती लांब होता ते सांगता येतं. तू कुठे उभा होतास, एवढ्याचंच नाही. त्या वेळी मी खाली बघितलं नाही. दत्ता थांबेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरून माझी नजर हटली नाही, इतकंच आठवतं. खाली बघितलं असतं तर काय झालं असतं, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून मला कळवू नका.