पिल्लं आहेत अजून

माझी नणंद चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. लग्नाला चार वर्षं झालेली, बोलणं एक घाव दोन तुकडे. तीच बाई एका मंगळवारी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, थोडे दिवस राहते." किती थोडे, कशासाठी, काही पत्ता नाही. नवरा मारतो का? नाही. पितो? नाही. मग काय, असं विचारलं की उठून माझी भांडी विसळायला लागायची.

मागची खोली दिली तिला. तिथे माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या दादाने, दोन वर्षांपूर्वी दिव्याची वाटीसारखी शेड टांगली आणि बल्ब लावायचा राहिला तो राहिलाच. इलेक्ट्रिशियनच्या घरात हे असंच चालतं. त्या शेडमध्ये बुलबुलाने घरटं केलं, आणि ही आली त्याच आठवड्यात तीन अंडी दिसली. झालं, कायदे निघाले. खिडकी उघडी ठेवायची, दार हळू लावायचं, खोलीत फक्त तिनेच जायचं. माझ्याच घरात मी चवड्यांवर चालायला लागले. वैताग आला होता मला, खोटं कशाला बोलू.

सासरहून कधी येतेस म्हणून कोणी विचारलं, की तिचं ठरलेलं उत्तर, "पिल्लं उडाली की जाते." आम्हीही तेच धरून बसलो. अंडी फुटली. नर-मादी दिवसभर किडे आणून भरवायची. जेवताना आमच्या गप्पा तेवढ्याच.

एका सोमवारी ती कामावर गेल्यावर चादर काढायला मी खोलीत गेले, तर चिटपाखरू नाही. स्टुलावर चढून पाहिलं. घरटं रिकामं. संध्याकाळी सहज विचारलं, "काय म्हणतात पिल्लं?"

"आहेत अजून. पंख फुटतायत हळूहळू," ती ताटातून मान वर न काढता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, जरा चढून बघ बरं. तो चढला, उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "दोन आहेत." आता हा का थापा मारतोय? की मलाच दिसलं नाही? मी परत चढले. चार काड्या आणि एक पीस. कोण कोणाला फसवतंय तेच कळेना. माझं डोकंच चालेना.

रविवारी भावोजी आले, तिचा नवरा. माणूस इतका सभ्य, की खुर्चीसुद्धा आवाज न करता ओढतो. चहा घेतला, माझ्या नवऱ्याशी इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलले. नणंद स्वयंपाकघरात उभी, तिथून दिसत होती. माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. म्हटलं, "पिल्लं आहेत हो अजून. आठ-दहा दिवस तरी जातील." त्यांनी मान हलवली, बूट घातले आणि गेले.

मी आत गेले.

"घरटं रिकामं आहे, वहिनी."

"माहीत आहे मला. तुझ्या दादालाही माहीत आहे."

तशी ती रडायला लागली.

"काय करतो गं तो तुला?"

"काहीच करत नाही. चांगला आहे. मला जायचं नाहीये, पण कारण काय सांगू? मलाच सांगता येत नाही."

मला तरी काय कळणार? चांगल्या माणसाला सोडून यायचं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. ओट्यावरचा माझा फोन तिने उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

"तूच सांग त्याला. माझ्याने नाही होत," ती म्हणाली.

गॅलरीत जाऊन फोन लावला. का, कशामुळे, माझं काय चुकलं, तिला फोन द्या, ते जे जे म्हणतील त्या सगळ्याची उत्तरं मनात जुळवून ठेवली होती. म्हटलं, "भावोजी, ती आता येणार नाही. कधीच नाही."

"बरं," ते म्हणाले.

पुढचं ऐकायला मी थांबले. त्यांनी फोन ठेवला होता.