शेंगांच्या काट्यावर अंगठी

माझ्या रक्तातला हिपॅटायटिस सीचा विषाणू गेल्याची बातमी मी भर पंगतीत जाहीर केली. उभा राहून, घसा साफ करून, हातात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी धरून. शेजारी माझा शाळेपासूनचा मित्र बसला होता. सात रस्ता चौकाजवळच्या त्याच्या लॅबमध्येच तपासणी झाली होती, आणि जेवणाची कल्पनाही त्याचीच. मी त्याला हार घातला. बायकोने टाळ्या वाजवल्या. मित्राने हुग्गी पुन्हा मागून घेतली.

गोळ्यांचा कोर्स संपून तीन महिने झाले होते. या तपासणीत विषाणू दिसला नाही की सुटलो, असं ठरलेलं. हा आजार रक्तातून लागतो, म्हणून बायकोने माझं नेलकटर एका स्टीलच्या डब्यात कोंडलं होतं. पाहुणे असतानाच मी त्याला वाजतगाजत बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या वस्तूंच्या फळीवर त्याची स्थापना केली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला.

"आधीची तपासणी पुण्याच्या मशीनवर, ही वेगळ्याच. हे जुनं मशीन आहे. शेंगांचं पोतं मोजायच्या काट्यावर अंगठी ठेवली तर काटा हलतो का? म्हणून अंगठीच नाही म्हणायचं?"

रक्त पुन्हा पुण्याला पाठवलं, आणि तिथल्या काट्यावर अंगठी निघाली. थोडा होता विषाणू, पण होता. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नव्या गोळ्या खिशात घालून मी लॅबवर गेलो.

"तुला माहीत होतं?"

"होतं की," मित्र म्हणाला. "थोडा असला तर माझ्या मशीनला दिसत न्हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"बाकीच्या पेशंटना सांगतो मी, शेवटचं सॅम्पल पुण्याला धाडा म्हणून. तू लई खुशीत होतास. आणि तुझं रक्त दुसऱ्याच्या लॅबला पाठवायचं मला बरं वाटंना."

बाकीच्या पेशंटना. म्हणजे मी त्याचा कोणी नसतो, तर मला खरं कळलं असतं. रक्त काढल्यावर कापूस दाबून तो कितीतरी वेळ माझा हात धरून बसला होता. ती माया होती, यात मला आजही शंका नाही. लागलं ते त्यामुळेच.

घरी येऊन थेट फळीकडे धावलो. नेलकटर तिथेच होतं.

"तू हे वापरलंस?"

"ते माझं नवं आहे," बायको म्हणाली. "तुमचं त्याच दिवशी डब्यात ठेवलं, भांडी आवरताना."

"आणि टाळ्या वाजवल्यास त्या?"

"अहो, सगळे वाजवत होते की."

आणि तिने गोळीसाठी पाण्याचा तांब्या पुढे केला.