ये गा, भात निवून राहिला

मी बोलून राहिली अन् माह्या बहिनीची नात मोबाईलवर लिहून राहिली. मले सहीपुरतं येते. भूत-परेत, अंगात येनं, हे मी कधी मानलं नाही. चाळीस सालं बिडीचा तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेली. साप दिसले, एकदा अस्वल दिसलं. दुसरं काही दिसलं नाही. म्हनून हे सांगाची मले लाज वाटते... पन सांगते.

सडक अर्जुनीवरून आत, हायवेचे ट्रक ऐकू येतात एवढ्या अंतरावर आमचं गाव. कोरोना सरला, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. माही मैत्रीन भागरता. माह्यापेक्षा बारा सालानं लहान, पन धानाच्या रोवन्यात माह्याच बाजूले उभी राहे. नवरा वारलेला, लेकरू नाही. तिचं हार्ट सुजून गेलं होतं. दोन पावलं चालली का दम. तिच्या भावानं धावपळ केली, अन् पावसाळ्यात नागपूरच्या दवाखान्यात तिले दुसऱ्या कोनाचं तरी हार्ट बसवलं. कोनाचं, ते सांगत नाहीत.

तिच्याजवळ राहाले कोनी नव्हतं. भावाची नोकरी. मी एकटीच होती, माह्या मागं रडनारं कोनी नव्हतं. मी राहिली.

तीन महिने दवाखान्याजवळच्या खोलीत काढले. मग गावी तिच्या घरी आनलं. डॉक्टरनं सांगितलं होतं का मास्क लावा, पानी उकळा, मातीत हात नाही, शेनानं सारवन नाही, सकाळी आठले अन् रातच्या आठले गोळी, एक घंटा इकडंतिकडं नाही. अजून एक सांगितलं. म्हने, "आजी, या हार्टच्या नसा कापलेल्या आहेत. ती भेवली, दचकली, तरी ते लगेच धडधडनार नाही. हळूहळू वाढते."

भागरता हासली. "बुढे, आता मले भुतानं धरलं तरी समजाले येळ लागन."

धान कापून झालं होतं. शेतातल्या बांध्या खाली. एक दिवस दुपारी मी तांदूळ निवडून राहिली अन् मागच्या दारातून हाक आली. बुढ्या बाईचा आवाज.

"ये गा... भात निवून राहिला."

भागरता खाटेवरून लगेच म्हनली, "ओ!"

"कोनाले ओ देऊन राहिली व?"

"मले बलावलं न."

आमच्याकडं मानसाले 'गा' म्हनतात, बाईले 'व'. मी म्हनली, "तुले कोन गा म्हनन? तू का मानूस होय?"

"आतमधी असन एखादा," म्हनली, अन् छातीवर हात ठेवून हासली.

मी मागं जाऊन पाहिलं. शेताच्या धुऱ्यापर्यंत कोनी नाही. मागचं घर बंद, ते लोक रायपूरले गेलेले. मले वाटलं रस्त्यानं कोनी गेलं असन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच येळ, तोच आवाज, एकच हाक. ती ओ दे, उठून बसे अन् ताटभर भात खाये. आधी दोन घासावर हात धुवे. आठ-दहा दिवसांत तिच्या तोंडावर रंग आला. हे मी पाहिलं, पन त्याची हाकेशी गाठ मी मारली नाही. माह्या डोक्यात दुसरंच होतं.

माही माय सांगे का एका हाकेले ओ देऊ नये. मानूस असन तं दुसरी हाक मारन, तिसरी मारन. जे एकदाच बलावते त्याच्या मागं जाऊ नये. भूत मानत नाही म्हनते मी, पन हा नेम मी जन्मभर पाळला. लहानपनीचं हाडात बसलेलं राहते.

मी तिले म्हनली, "भागरते, दुसरी हाक येऊ दे, मग ओ दे."

"बुढी थकली असन वो बाई. किती डाव बलावन?"

मले भेव वाटाले लागलं होतं. एवढ्या कष्टानं वाचवलेली बाई... अन् कोन तिले दुपारचं बलावून राहिलं? त्या दिवशी येळ झाली तशी मी तिच्या खाटेवर बसली. एक हात तिच्या तोंडावर ठेवला, मास्कवरून. दुसरा छातीवर.

"ये गा... भात निवून राहिला."

माह्या हाताखाली ते हार्ट उडालं. जाळ्यातल्या मासोळीवानी. हाक आली अन् उडालं, मधी पापनी लवाएवढीही येळ गेली नाही. भागरताचं अंग मात्र तसंच पडून. डोळे माह्याकडं. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. आली नाही. हाताखालची धडधड हळूहळू खाली बसली.

मी हात काढला. ती एवढंच म्हनली, "काऊन थांबवलं व? बुढीचं ताट तसंच राहिलं असन."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती दुपारभर मागच्या दाराकडं तोंड करून पडून राहे.

उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुलं पडाले लागली तवा तिचे पाय सुजले. पुन्हा नागपूर. हार्टमधला बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हनले, शरीरानं हार्ट धरलं नाही. इचारलं, गोळी चुकली का? एकही चुकली नव्हती. मी त्याईले इचारलं, "साहेब, हाक ऐकल्याबरोबर ते उडू शकते का?" ते म्हनले, "नाही आजी. तुमाले भास झाला असन." चांगला मानूस होता. माह्या हाताखाली काय उडालं ते त्याले कसं समजन?

शेवटच्या दिवशी भागरतानं इचारलं, "आली का हाक?"

"नाही व."

"आली तं तू ओ देजो."

गेली.

डॉक्टर म्हनतात असं होते, दहातल्या एखाद-दोघाईचं होतेच. होत असन. नात म्हनते, आजी, तुह्या हातानं काही झालं नाही. मले समजत नाही. ती हाक तिले न्याले आली होती का ठेवाले, हे मले आजही कोनी सांगू शकत नाही. कुठंतरी एखादी बुढी, ज्याचं हार्ट होतं त्या पोरासाठी ताट वाढून बसत होती, अन् आठ-दहा दिवस तिले ओ भेटली... मग मी हात ठेवला. एवढं खरं.

भागरताचं घर आता बंद राहते, चाबी माह्याजवळ आहे. दुपारी जाते, मागचं दार उघडते, बसते. पहिल्याच हाकेले ओ देईन. कोनी बलावत नाही.